बदली मालकीण आणि तिसरी पायरी

आमच्या ताईंना, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला, दुसऱ्याचं घर सुधारण्याचा रोग आहे. रोगच म्हणायचा, कारण त्यावर औषध नाही आणि त्रास मात्र आजूबाजूच्यांना होतो. एखाद्याकडे त्या पहिल्यांदा गेल्या तरी पाणी पिऊन होईपर्यंत त्यांना दिसलेलं असतं, की या घराची कडी नीट लागत नाही, पंखा एका बाजूला कललाय आणि टेबलाचा एक पाय आखूड आहे. चहा येईपर्यंत पायाखाली पुठ्ठा गेलेला असतो. यजमान म्हणतात, "अहो, कशाला त्रास घेता?" ताई म्हणतात, "त्यात कसला त्रास!" आणि स्क्रू ड्रायव्हर मागतात.

ताई मुलींच्या वसतिगृहात रेक्टर होत्या. उभा जन्म तिथंच गेला. राहायला खोली वसतिगृहाची, जेवण वसतिगृहाचं आणि ओरडायला मुलीही वसतिगृहाच्याच. लग्नाचा विषय कुणी काढलाच तर म्हणायच्या, "एवढ्या मुली आहेत मला, त्यात आणखी एकाला कुठं सांभाळू?" पुढं संस्थेला साक्षात्कार झाला, की मुलींपेक्षा मोटारी जास्त भाडं देतात आणि तक्रारही करत नाहीत. वसतिगृह पाडून तिथं पार्किंग झालं. ताई दोन बॅगा आणि हत्यारांची एक पेटी घेऊन आमच्या हॉलमध्ये आल्या. "चार दिवस फक्त," असं दारातच म्हणाल्या होत्या. चार दिवसांचं एक वर्ष झालं तरी आम्ही कुणी हा विषय काढला नाही, कारण आम्ही सगळे फार सुसंस्कृत आहोत.

मी विमा कंपनीत आहे. लोकांचे दावे कंपनी का मंजूर करू शकत नाही, ते त्यांना गोड शब्दांत कळवणं हे माझं काम. दिवसभर जगाला नाही म्हणून घरी आल्यावर निदान स्वतःच्या सोफ्यावर पाय पसरावेत, एवढीच माझी अपेक्षा. तर सोफ्यावर ताई, आणि त्यांच्या मांडीवर माझी इस्त्री, पोट फाडलेल्या अवस्थेत.

"ताई, चालू होती ना ती?"

"चालत होती गं. पण मनापासून नाही."

नवरा या सगळ्यात तटस्थ. बायको आणि बहीण यांच्यामध्ये सापडलेला माणूस जे करतो तेच तो करायचा, म्हणजे पेपर वाचायचा. एकच पेपर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी.

ताईंना मात्र सगळं कळत होतं. एकदा मी त्यांच्या अंथरुणाची घडी उचलायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मला काहीतरी काम बघ. कसलंही बघ. भावाच्या हॉलमध्ये म्हातारं व्हायचं नाही मला." मी तोंडदेखलं "असं काय बोलता" म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले.

काम सापडलं ते माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मावशीकडे. ही मावशी आणि तिचा नवरा आपल्या राहत्या घरात बेड अँड ब्रेकफास्ट चालवतात. वर चार खोल्या. पाहुण्यांनी रात्री झोपायचं, सकाळी पोटभर नाश्ता करायचा आणि दिवसभर कुठं हुंदडायचं ते हुंदडायचं. धंदा छान चाललेला. इतका छान, की दुसऱ्यांच्या सुट्ट्या सांभाळता सांभाळता नवरा-बायकोला स्वतःला कित्येक वर्षांत सुट्टी मिळालेली नव्हती. लांब राहणाऱ्या मुलाकडे नातू झाला, तो रांगायला लागला, तरी यांनी त्याला फोनवरच पाहिलेलं. त्यांना काही आठवड्यांसाठी बदली मालकीण हवी होती. मैत्रिणीने मला समजावलं, की हा रीतसर धंदा आहे. मालक गावाला गेले, की बदली माणूस घरात येऊन राहतो, बुकिंग घेतो, चादरी बदलतो, नाश्ता करतो. मालक आले, की पुढच्या घरी.

ताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. "म्हणजे दुसऱ्याच्या घरात राहायचं, लोकांच्या चादरी बदलायच्या, वेळेवर खायला घालायचं, आणि त्याचे वर पैसे? हे तर मी आयुष्यभर केलं."

"मग तेच तर म्हणते मी!"

मी ताईंची अशी काही शिफारस केली, की मैत्रीण म्हणाली, "तू दावे मंजूर करणाऱ्या विभागात का नाहीस गं?" मावशीची एकच अट होती. हा पहिलाच प्रयोग. नीट पार पडला, तर तिच्या ओळखीत अशी घरं चालवणाऱ्या बऱ्याच जणी होत्या, त्या सगळ्या सुट्टीसाठी आसुसलेल्या होत्या आणि मावशीने नाव सुचवल्याशिवाय कुणालाही घराची किल्ली द्यायला तयार नव्हत्या. प्रयोग फसला, तर विषय संपला. थोडक्यात, ताईंचं उरलेलं आयुष्य आणि माझा सोफा या एका बाईच्या जिभेवर टांगलेला होता.

ताईंना पोचवायला मीच गेले. घर अरुंद आणि उंच. खाली पुढच्या बाजूला छोटा हॉल, मग जेवणघर, अगदी मागे स्वयंपाकघर. हॉलमधून वर जाणारा लाकडी जिना. मावशीबाईंना, म्हणजे मालकीणबाईंना, चिठ्ठ्या चिकटवायचा शौक होता. फ्रिजवर चिठ्ठी, गिझरवर चिठ्ठी, खिडकीवर चिठ्ठी. "हे बटण दोनदा दाबावे." "ही खिडकी वाऱ्याच्या दिवशी उघडू नये." "स्वयंपाकघराचे दार बंद ठेवावे, वास वर चढतो." मालक मागून येत होते आणि प्रत्येक चिठ्ठीपाशी थांबून सांगत होते, "तसं काही विशेष नाही हो." त्यांच्यावर तेवढी चिठ्ठी नव्हती.

मालकीणबाईंनी सगळ्यात जास्त वेळ घेतला तो नाश्त्याला. "आमच्याकडे घंटा नाही, ठरलेली वेळ नाही. आठ ते दहा, ज्याला जाग येईल तेव्हा तो येईल. पण तो खुर्चीत बसला रे बसला, की गरम चहा समोर आला पाहिजे, आणि चहा संपायच्या आत अंडी. त्याने मागायचं नाही. आमच्या घराचं नाव आहे ते यावर आहे."

"पण स्वयंपाकघर मागे, त्यात दार बंद," ताई म्हणाल्या. "तो खाली आला हे कळतं कसं?"

"कळतं," मालकीणबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून स्वतःशीच विचार करून म्हणाल्या, "सवयीनं कळतं. तुम्हालाही कळेल."

वरच्या खोल्या पाहून आम्ही उतरत होतो. खालून तिसऱ्या पायरीवर पाय पडला आणि अशी करकर झाली, की मी कठडा धरला. मालकीणबाई बोलतच होत्या, त्यांच्या कानावरून ती गेलीसुद्धा नाही. मी ताईंकडे पाहिलं. ताई त्या पायरीकडे पाहत होत्या.

"ताई," मी निघताना कानात सांगितलं, "हे वसतिगृह नाही. कशालाही हात लावायचा नाही."

"मी कशाला लावतेय!" ताई दुखावल्यासारख्या म्हणाल्या.

मालक-मालकीण गेले, त्याच दुपारी ताईंनी लावला. मला फोनवर कौतुकानं सांगितलं, "ती पायरी गप्प केली गं. थोडा साबण, खालून एक पाचर आणि दोन स्क्रू. बिचाऱ्या पाहुण्यांची झोपमोड होत असणार." मी म्हटलं, चला, इतक्या लांब त्यांचा रोग एका पायरीवर भागला, माझी इस्त्री वाचली. दुसऱ्याच्या कामात पाचर मारणं हे नुसतं म्हणायचं नसतं, लोक खरोखर मारतात, हे मला तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरातले पाहुणे भुतासारखे वागायला लागले. ताई स्वयंपाकघरात कढई तापवून कान टवकारून उभ्या, आणि इकडे जेवणघरात एक गृहस्थ केव्हाचे येऊन मिठाच्या डबीवर काय लिहिलंय ते वाचत बसलेले. ताईंनी धावत चहा नेला. मग त्यांनी अंदाजानं आधीच अंडी करून ठेवायला सुरुवात केली, तर कुणी आलंच नाही, आणि आले तेव्हा अंड्यांच्या वहाणा झालेल्या. एक बाई वाट पाहून थेट स्वयंपाकघरात शिरल्या आणि ताईंना पाठीमागून "अहो" म्हणाल्या. ताईंच्या हातची बरणी फुटली. एक जोडपं बस चुकेल म्हणून न खाताच गेलं आणि बसमध्ये बसून त्यांनी इंटरनेटवर लिहिलं, "खोल्या स्वच्छ, माणसं अदृश्य."

मालकीणबाईंनी नातवाला मांडीवर घेऊन ते वाचलं. त्यांचा फोन आला, "सगळं ठीक आहे ना?" हे वाक्य त्यांनी अशा आवाजात विचारलं, की उत्तर त्यांना आधीच माहीत असावं.

त्या संध्याकाळी ताईंनी मला फोन केला. बराच वेळ हवापाण्याच्या गोष्टी केल्या. ताई आणि हवापाणी! मग म्हणाल्या, "माझे कान गेले बहुतेक. वसतिगृहात नुसत्या पावलांवरून मुलगी ओळखायचे मी. इथं माणूस समोर येऊन बसला तरी कळत नाही. वय झालं गं. मला वाटतं, मी परत यावं."

मला खरं सांगायचं तर दोन गोष्टी एकदम वाटल्या. पहिली, दोन बॅगा आणि पेटी परत हॉलमध्ये. दुसरी गोष्ट मला आवडली नाही. ज्या बाईने आजवर पंखा, कुकर, कुलूप, कशालाही मोडीत काढलं नव्हतं, ती स्वतःला मोडीत काढत होती. मला फार वाईट वाटलं. मी रजा टाकली. नवऱ्याला म्हटलं, "सोफ्यासाठी जातेय." त्याने पेपरमागून "बरं" म्हटलं आणि स्टँडवर सोडायला मात्र मुकाट्यानं आला.

मी पोचले त्याच्या दुसऱ्या सकाळी जेवणघरात बसले होते. मागून कुणीतरी "नमस्कार" म्हणालं आणि मी खुर्चीसकट उडाले. हे तिथले नेहमीचे पाहुणे, एक ऑडिटर. जवळच्या कारखान्याचे हिशेब तपासायला दर महिन्याला येत आणि याच घरात उतरत.

"तुम्ही मांजराच्या पावलानं येता हो," मी म्हटलं.

"मी?" ऑडिटर हसले. त्यांचं वजन बऱ्यापैकी होतं. "या जिन्यावरून? मी उतरलो की गल्लीतलं कुत्रं भुंकायचं!" मग ते थबकले. "पण खरंच की. आज पायरी वाजली नाही. आणि चहाही नाही आला. एरवी मी खुर्ची ओढेपर्यंत बाई कपात चहा ओतत असतात. मला कायम वाटायचं, यांना कसं कळतं!"

ताई चहा घेऊन दारात आलेल्या होत्या. त्यांनी हे सगळं ऐकलं. ट्रे टेबलावर ठेवला, सरळ हॉलमध्ये गेल्या आणि तिसऱ्या पायरीवर उभ्या राहिल्या. एकदा उजव्या पायावर भार दिला, एकदा डाव्या. पायरी गप्प. ताईंनी कठड्याला धरून हळूच खाली बसून घेतलं.

"मीच गं," त्या म्हणाल्या. "मीच या घराचे कान बंद केले."

एवढी वर्षं मालकीणबाईंना त्या पायरीनं सांगितलं, की माणूस निघाला, चहा ओता. आणि हे त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. म्हणून घरभर चिठ्ठ्या असूनही पायरीवर चिठ्ठी नव्हती. ताईंना खरं तर हायसं वाटायला हवं होतं, कान शाबूत होते. पण हायसं वाटून घेणं त्यांना कधी जमलेलं नाही. त्यांनी त्याच दुपारी सुतार बोलावला.

"कुठली पायरी वाजते?" सुताराने पेटी उघडत विचारलं.

"वाजत नाही," ताई म्हणाल्या.

"मग?"

"वाजायला पाहिजे."

सुताराने माझ्याकडे पाहिलं. दोन बायकांपैकी निदान एक शुद्धीवर असेल, असा त्याचा अंदाज असावा. मी म्हटलं, "बरोबर आहे. वाजायला पाहिजे."

"बाई, लोक मला पायरी गप्प करायला बोलावतात. चालू करायला आजवर कुणी बोलावलं नाही." तरी बिचारा जिन्याखाली शिरला. पाचर काढली, स्क्रू काढले. वर येऊन त्याने पायरीवर उडी मारली. काही नाही. मी उडी मारली. काही नाही. ताईंनी मारली. ऑडिटर कारखान्यातून परत येत होते, त्यांना विनंती केली. ते काहीही न विचारता चढले आणि उतरले. पायरी ढिम्म.

"साबण मुरलाय आत," सुतार म्हणाला. "पण काम काय चोख केलंय हो! कोणी केलं?"

ताईंनी खाली पडलेली पाचर उचलली. जन्मभर दुरुस्त्या करून त्यांना कुणी धड शाबासकी दिली नव्हती. मिळाली ती ही, आणि ती घेण्याचीही सोय नव्हती.

दोन दिवस तो काहीबाही खटपट करत होता. तोवर काहीतरी करणं भाग होतं. घंटा लावावी, तर मालकीणबाईंचा शब्द आडवा येई. दार उघडं ठेवावं, तर चिठ्ठी. शेवटी उपाय म्हणून माझी नेमणूक झाली. मी आठ ते दहा जिन्यापाशी हॉलमध्ये मासिक घेऊन बसायचं आणि कुणी उतरताना दिसलं, की खोकायचं. एक माणूस, एक खोकला. जोडपं असेल तर दोन. पदवीधर आहे मी.

आणि काय सांगू, यंत्रणा उत्तम चालली! पाहुणा बसला, की चहा हजर. अंडी गरम. ताईंचा हात पुन्हा सुटला, पाठ सरळ झाली. फक्त पाहुणे जाताना माझ्यासाठी हळहळायला लागले. एका आजोबांनी मला आपल्या गोळ्या दिल्या. एका बाईने छातीचा फोटो काढून घ्यायला सांगितलं. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं, "नाश्ता अप्रतिम. हॉलमध्ये बसणाऱ्या ताईंना लवकर बरं वाटो." मालकीणबाईंचा लगेच फोन आला, की हॉलमध्ये कोण आजारी आहे?

अखेर सुताराला यश आलं. पायरी करकरली. आम्ही टाळ्या वाजवल्या, त्याने घाम पुसला. मग लक्षात आलं, की ती फक्त चढताना वाजतेय, उतरताना नाही. दुसऱ्या सकाळी ऑडिटर चष्मा विसरले म्हणून वर गेले, ताईंनी दोन अंडी फोडली. रुमाल विसरले म्हणून गेले, आणखी दोन फोडली. सुतार म्हणाला, यापुढं देवाची मर्जी. मी गरम पाण्याच्या गुळण्या करून पुन्हा जागेवर बसले.

मालक-मालकीण परत यायच्या दिवशी मी ताईंना समजावलं. "हे बघा, झाकली मूठ सव्वा लाखाची. आपल्याला कसं कळायचं हे त्या बाईला स्वतःलाच ठाऊक नाही. मग तिचं काय गेलंय हे ती विचारणार कशी? चादरी बघतील, स्वयंपाकघर बघतील, खूश होतील, चार घरं मिळवून देतील. गप्प राहा."

ताई बॅग भरत होत्या. "उद्या सकाळी त्यांचा पहिला चहा चुकेल," त्या म्हणाल्या. "परवा दुसरा चुकेल. मग त्यांना वाटेल, आपले कान गेले, वय झालं. मला वाटलं तसं. चार दिवस मी त्यात काढलेत. नको गं."

मी त्यांच्या बॅगेची चेन लावून दिली. दावे नाकारणाऱ्या बाईने एवढ्या लवकर मान्य करावं, हा तसा दुर्मीळ प्रसंग.

मालकीणबाई दारात आल्या, बूटसुद्धा काढले नव्हते, तेवढ्यात ताईंनी सगळं सांगितलं. साबण, पाचर, स्क्रू, फुटलेली बरणी, वहाणा झालेली अंडी, माझा खोकला. काही म्हणता काही राखून ठेवलं नाही. मालकीणबाईंनी ऐकून घेतलं. मग त्या जिना चढल्या आणि पायरी करकरली. उतरल्या, पायरी गप्प. पुन्हा चढल्या, पुन्हा उतरल्या. खालच्या पायरीवर उभ्या राहून त्या बंद स्वयंपाकघराकडे बघत राहिल्या.

"मी कधीपासून म्हणतोय ती पायरी दुरुस्त करू," मालक मागून म्हणाले. "हीच करू देत नव्हती. का, तर म्हणे असू दे."

"मला तरी कुठं माहीत होतं का ते," मालकीणबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

आम्ही हॉलमध्ये बसून राहिलो. ताईंची बॅग पायाशी. त्या नुसत्या हातांकडे बघत होत्या, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुठल्याशा बाईचा दावा मंजूर व्हावा म्हणून मनापासून प्रार्थना करत होते. आता त्यात सोफ्याचा संबंध उरला नव्हता.

दार उघडलं. मालकीणबाईंच्या हातात चहाचे कप होते. "चादरींचे कोपरे तुम्ही घालता तसे माझ्यानं होत नाहीत," त्या ताईंना म्हणाल्या. आवाजात राग होताच. "खोल्या मी गेले होते त्याहून नीट आहेत. हे मी सगळ्यांना सांगणार. आणि पायरीचंही सगळ्यांना सांगणार."

"सांगा," ताई म्हणाल्या.

"दोन्ही ऐकून ज्याला बोलवायचं, तो बोलवेल."

दोन्ही ऐकूनही लोकांनी बोलावलं. यात कुणाच्या मनाचा मोठेपणा वगैरे नाही. सुट्टीसाठी जीव टाकलेला माणूस एका पायरीवरून अडून बसत नाही, एवढंच. त्या सगळ्या मंडळींत ताईंचं नाव पडलं 'जिनावाली बाई'. प्रत्येक घरात गेल्या गेल्या त्यांना जिन्यावर ताजी चिठ्ठी दिसायची, "याला हात लावू नये." एका घराला जिनाच नव्हता, तिथं ती चिठ्ठी दारावर होती. ताई कधी चिडल्या नाहीत. नव्या घरात पहिला दिवस त्या नुसत्या फिरतात आणि ऐकतात. कुठलं दार कुरकुरतं, कुठला नळ गुरगुरतो, आणि तो ऐकून मालक काय करतात, ते बघतात. बॅगेतली पेटी उघडतसुद्धा नाहीत. वर्षाच्या आत त्यांच्याकडे इतकी घरं झाली, की एक संपायच्या आत दुसरं. मालकीणबाईंची पायरी कित्येक महिने तशीच राहिली, आणि तोवर सकाळी आठ ते दहा मालक जिन्यापाशी बसून खोकत होते, असं मी ऐकलं.

मधल्या एका आठवड्यात घर मिळालं नाही, तेव्हा ताई आमच्याकडे आल्या. येण्याआधी फोन करून चालेल का विचारलं. आल्या, तर बॅग उघडून कपडे कपाटात लावले नाहीत. सकाळी अंथरुणाची अशी घडी, की इथं कुणी झोपलं होतं हे पोलिसांना सिद्ध करता आलं नसतं. कप विसळून पालथा. मला म्हणाल्या, "नाश्त्याला मी किती वाजता येऊ? तुझ्या सोयीनं सांग." मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. सोफा मोकळा होता. मी त्यावर पाय पसरून बसले आणि मला अजिबात बरं वाटलं नाही.

त्यात स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार बिजागरीतून सुटून एका बाजूला लोंबकळत होतं. आमच्या घरात ते महिनाभर लोंबकळू शकतं, हे ताईंना ठाऊक आहे. पहिल्या दिवशी त्या त्याच्याखालून वाकून गेल्या. दुसऱ्या दिवशीही वाकून गेल्या. मी बघत होते. तिसऱ्या दिवशी माझा धीर सुटला.

"ताई, ते दार दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतं की. आल्या आल्या दिसलं."

"मग?"

"असू दे म्हटलं. तुझी काहीतरी सोय असेल त्यात."

"माझी कसली डोंबलाची सोय! डोक्यात पडेल कुणाच्या तरी!"

"मला काय माहीत बाई. दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय हात लावू नये, हे मी आता शिकलेय." टोमणा नव्हता. अगदी साधेपणानं म्हणाल्या. नवऱ्याने पेपर खाली ठेवला.

मला इतका राग आला, की डोळ्यांत पाणीच आलं. "दुसऱ्याचं?" मी म्हटलं. "आठवडाभर परक्या लोकांसमोर बसून खोकले मी! रजा टाकून! दुसऱ्यासाठी कोण खोकतं, ताई?"

ताई उठल्या, बॅगेतून पेटी काढली आणि बिजागरी बघता बघता बोलायला लागल्या: हे दार तर आहेच, पण न्हाणीघराची कडी उलटी बसवलीय, हॉलचं घड्याळ मागे पडतं, गॅसची नळी बदलायला झालीय, आणि तू ज्या स्टुलावर चढतेस ते मोडणार आहे एक दिवस, आल्यापासून माझा जीव त्यात अडकलाय. तीन दिवस गिळून ठेवलेलं सगळं बाहेर येत होतं. नवरा स्टूल धरायला गेला. मी चहा ठेवला आणि मध्ये न बोलता ऐकत राहिले.